उताऱ्यात नाही ते

शिकवणीच्या बाईंचा फोन काकूने घेतला आणि तिथेच बिनसलं.

बाई एवढंच म्हणाल्या होत्या की मुलगी हुशार आहे, शब्द पाठ आहेत, व्याकरणही बरं आहे, पण इंग्रजीचा उतारा वाचून उत्तरं लिहायची वेळ आली की उताऱ्यात नसलेलंच लिहिते. परीक्षा सोमवारी आहे, तेव्हा रविवारी घरात कुणीतरी जवळ बसून चार-पाच उतारे करून घ्या. काकूने "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घरात पोरीकडे बघायला कुणी नाही, असं म्हणायचंय बाईंना."

"असं म्हणाल्या?" आजीने विचारलं.

"तोंडाने नाही म्हणाल्या. पण 'कुणीतरी बसा' म्हणाल्या. आईने बसावं असं नाही म्हणाल्या. त्यात काय ते आलं."

आजीला ते पटलं. या घरात तोंडाने म्हटलेल्याला फारशी किंमत कधीच नव्हती. चष्म्याचं दुकान काढणारे आजोबा एखाद्या दिवशी "आज भूक नाही" म्हणाले, की आजी त्यांचं पोट कसं आहे ते विचारत नसे; भाजी कुणी केली होती ते विचारत असे. तेव्हापासून हीच रीत पडली होती. कुणी काही बोललं की बाकीच्यांनी ते उलटंपालटं करून बघायचं, शिवण कुठे आहे ते शोधायचं आणि उसवायचं. आत काही सापडलं नाही तर शोधणाऱ्याचीच नजर कमी पडली असं समजत.

खारू याच घरात दहा वर्षांची झाली होती. वेचून आणलेली बटणं आणि खडे उशीखाली साठवते म्हणून तिला खारू म्हणत. बटणांबरोबर ती घरातली बोलणीही साठवत असे, अर्थासकट.

या रीतीत न बसणारं माणूस घरात एकच होतं, आणि ते म्हणजे खारूची आई. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. पंधरवड्यापूर्वी जेवताना तिने सगळ्यांना सरळ सांगितलं होतं. दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलच्या लॅबची जबाबदारी तिला मिळाली आहे. पहिल्या तारखेला रुजू व्हायचं आहे. राहायला जागाही ते देणार आहेत. खारूसाठी तिथल्या शाळेत एकच जागा शिल्लक आहे, आणि त्यासाठी सोमवारी इंग्रजीची परीक्षा आहे. खारू पास झाली तर दोघी जाणार. नाही झाली तर नोकरीला नाही म्हणून कळवणार, कारण मुलीला ठेवून ती जाणार नाही. खारूचे बाबा जहाजावर इंजिनियर होते. त्यांनी फोनवर हो म्हटलं होतं. बंदरातून घरी यायचं ते कुठल्याही गावी येता येईल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सगळ्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पंधरा दिवस तिला नक्की काय हवंय याचा शोध सुरू झाला.

आजीच्या मते तिचा डोळा रस्त्याकडच्या खोलीवर होता. काकांना वाटलं, तिला दुकानात हिस्सा हवाय. काकूच्या हिशेबाने हे सगळं संध्याकाळचा स्वयंपाक टाळण्यासाठी चाललं होतं. आत्या हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करायची आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावरून त्यांची तक्रार ओळखायची. तिने सांगून टाकलं की काकूशी काहीतरी झालंय आणि ते दोघीही लपवतायत. ती खरंच जाईल असं कुणाच्या मनातही आलं नाही. तसं तर ती बोललीच होती, मग त्यात शोधायचं काय राहिलं?

परीक्षेची तयारी मात्र सगळ्यांनी मनावर घेतली. मोठ्या शाळेच्या परीक्षेत आपली मुलगी पास झाली, हे सांगायला बरं असतं. शिवाय प्रत्येकाला आपलं इंग्रजी एकदा बाहेर काढून उन्हात घालायचंच होतं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावरचं सगळं हलवून तिथे सरावाचं पुस्तक ठेवलं गेलं. सुरुवात काकांनी केली. त्यांनी दुकानातून अक्षरांचा तक्ता आणला होता. तो त्यांनी कपाटाला टांगला, खारूला दाराशी उभं केलं आणि तिचा एक डोळा झाकला.

"वाच."

खारूने अगदी तळाच्या बारीक ओळीपर्यंत वाचलं. काकांनी दुसरा डोळा झाकला. तिने तेही वाचलं.

"दिसतंय तर सगळं," काका जरा नाराज होऊन म्हणाले. "मग अडतंय कुठे?"

"दादा, तिला दिसतंय तेवढं पुरत नाही, हीच तर तक्रार आहे," आत्या म्हणाली. "तो तक्ता काढ आणि मला बसू दे."

आत्या या घरातलं इंग्रजी होती. तिला साधारण पंधरा वाक्यं येत, पण ती अशी येत की फोनच्या दुसऱ्या टोकाचा माणूस खोली रिकामी नाही हे ऐकूनही खूश व्हायचा. तिने खारूला आधी विरुद्धार्थी शब्द विचारले. तिच्या आवाजात ते एखादी सोय देऊ केल्यासारखे वाटत होते. खारूने सगळे बरोबर सांगितले. मग 'जरी' या अर्थाचा शब्द वापरून वाक्य करायचं होतं. खारूने इंग्रजीत वाक्य केलं. त्याचा अर्थ असा होता की, जरी माझी काकू हसत असली तरी तिला पाहुणे आवडलेले नाहीत.

"व्याकरण अचूक आहे," आत्या म्हणाली.

"कुठले पाहुणे?" काकूने विचारलं.

"वाक्य आहे गं ते, वहिनी."

"वाक्य आहे ते मला दिसतंय. गेल्या महिन्यात तुझी मैत्रीण चार दिवस राहून गेली, म्हणून विचारते."

आत्याने पुस्तकाचं पान उलटलं आणि उतारा काढला. खारूने तो मोठ्याने वाचला आणि मग आजीसाठी अर्थ सांगितला. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस रविवारी बहिणीला भेटायला जातो. तो निघायला उठतो तेव्हा बहीण म्हणते, चहाला थांब. तो म्हणतो, नको, मला बस गाठायची आहे. आभाळ भरून आलेलं असतं. बहीण त्याला छत्री देते. तो आभार मानतो आणि जातो.

"प्रश्न पहिला," आत्या म्हणाली. "तो माणूस चहाला का थांबला नाही?"

"कारण बहिणीने तो उठल्यावर विचारलं," खारू म्हणाली. "आधी नाही विचारलं."

टेबलाभोवती सगळ्यांनी माना डोलावल्या.

"पुस्तकात उत्तर काय दिलंय?" काकांनी विचारलं.

आत्याने मागचं पान काढलं. "कारण त्याला बस गाठायची होती."

"हे उत्तर आहे?" आजी म्हणाली. "बस काय, एक गेली की दुसरी येते. पोरीचं बरोबर आहे. उठल्यावर चहा विचारणं म्हणजे 'निघ आता' म्हणणंच की."

"प्रश्न दुसरा. बहिणीने छत्री का दिली?"

"ती परत द्यायला त्याने पुन्हा यावं म्हणून."

"शाब्बास," काकू म्हणाली. "पुस्तकात असणार, पाऊस येणार होता म्हणून."

"तसंच आहे."

"बघ. छापणाऱ्यांना माणसंच कळत नाहीत."

काका मात्र विचारात पडले होते. "मला वेगळीच शंका येते. त्याचं घड्याळाचं दुकान आहे. चालू दुकान आहे. बहीण रविवारी बोलावते, चहाचं विचारते, वर छत्री देते. तिला काहीतरी मागायचंय."

"काय मागायचंय?" आत्याने पुस्तक मिटलं.

"आता काय मागायचं असतं?"

"नाही, सांग ना दादा. बहिणी भावाकडे मागायलाच असतात का? तोच गेलाय तिच्याकडे, ती नाही आलेली."

"मी उताऱ्याबद्दल बोलतोय."

"मीही उताऱ्याबद्दलच बोलते. त्या दुकानात वडिलांच्या माघारी तिचं काय होतं ते लिहिलंय का कुठे? नाही ना लिहिलेलं? तेच तर."

काकू एरवी आत्याच्या बाजूला बसायचीही नाही. आज ती तिच्या बाजूने बोलली. "यांचं असंच असतं. माझा भाऊ आला तेव्हाही हे म्हणाले होते, हा काहीतरी मागायला आलाय."

"मग मागितलं नाही का त्याने?" काका म्हणाले.

"मागितलं. पण तुम्ही आधी म्हणालात ते काही चांगलं नाही केलंत."

तिसरा प्रश्न पाच गुणांचा होता, बहीण कशा स्वभावाची होती ते लिहायचं. त्यावर दुपारचं जेवण होईपर्यंत चर्चा चालली आणि शेवटी आजीने आपला निकाल दिला, की असली बहीण सून म्हणून आली असती तर घर तिच्याच ताब्यात गेलं असतं. खारूने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. त्यातलं काय लिहायचं ते मात्र तिला कळेना.

खारूची आई लॅबची अर्धी पाळी संपवून आली, तेव्हा आजी स्वयंपाकघरात तिचीच वाट बघत होती. आजीने दार लोटून घेतलं.

"हे बघ, फार ताणू नकोस," आजी हळू आवाजात म्हणाली. "रस्त्याकडची खोली तुझी."

"मला खोली नकोय, आई."

आजीने तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. नको म्हणताना सून हात धुवत होती आणि मान वर करत नव्हती. आजीने जे समजायचं ते समजून घेतलं. "बरं. कपाटासकट."

"अहो, मी पहिल्या तारखेला जाणार आहे. खारू पास झाली तर."

"कळलं गं मला. मी काय लहान आहे का?" आजी म्हणाली. तिच्या मनात आलं, पोरगी घट्ट आहे, आणखी थोडं द्यावं लागेल. त्याच्याही मागे आणखी काहीतरी आलं होतं, पण ते तिने स्वतःलाही नीट वाचू दिलं नाही.

जिन्यात खारूच्या आईला काकांनी गाठलं. दुकानाच्या वर एक खोली रिकामी होती. तिथे तिने स्वतःची लहानशी लॅब टाकावी, खाली डोळे आणि वर रक्त, गिऱ्हाईक एकदा आलं की दोन्हींचं काम. "भागीचं आपण नंतर बोलू," असं म्हणून ते घाईने खाली गेले. ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली तर तिथे काकू होती.

"संध्याकाळचं मी बघत जाईन," काकू म्हणाली. "बुधवार सोडून."

"वहिनी, मी इथे असणारच नाही."

"बरं बाई, बुधवारीही बघीन."

खारूची आई कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला हसू येत होतं आणि थकवाही आला होता. या घरात आल्यापासून ती एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि एकदाही तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता.

खारू पुस्तक घेऊन गच्चीवर आली. काकू खाली गेल्यावर दोघी टाकीच्या सावलीत बसल्या.

"आई, त्या माणसाला खरंच बस गाठायची होती?"

"हो."

"कशावरून?"

"तो म्हणाला."

"म्हणाला म्हणून काय झालं?"

आईने हातातल्या कपड्याची घडी घातली. मग ती म्हणाली, "माझ्याकडे नळीत रक्त येतं. साखर किती आहे, एवढं विचारलेलं असतं. मी मोजते आणि लिहिते. हा माणूस घरच्यांना चोरून काय खातो याचा कधीकधी अंदाजही येतो. पण ते लिहीत नाही."

"का?"

"विचारलेलं नसतं म्हणून. आणि माझा अंदाज चुकीचाही असू शकतो."

खारूने हे मनात साठवून ठेवलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मी नापास झाले तर तू जाणार नाहीस?"

"नाही. तुला सोडून नाही जाणार."

सवयीप्रमाणे खारूने हे वाक्य उलटंपालटं करून बघितलं. तिला शिवण कुठे सापडली नाही. तिने पुस्तक उघडलं आणि पुढचा उतारा स्वतःहून वाचायला घेतला. एक प्रश्न, मग उताऱ्यात बोट ठेवून त्याचं उत्तर, मग दुसरा प्रश्न. उत्तराला बोट ठेवायला जागा सापडली नाही तर ते खोडायचं.

चहाच्या वेळी घराने तिची पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी उताऱ्यात एक शेजारीण होती आणि तिने केक आणून दिला होता.

"तिने केक का आणला?" आत्याने विचारलं.

"मुलाचा वाढदिवस होता म्हणून."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच आहे."

"आणि तो केक देताना दारातच उभी राहिली, आत आली नाही, ते का?" काकूने विचारलं.

"ते त्यांनी विचारलं नाहीये."

सगळी उत्तरं मागच्या पानाशी जुळली. कुणालाच फारसा आनंद झाला नाही.

"सकाळी किती चांगलं चाललं होतं," काकू म्हणाली. "पोरीचं डोकंच चालेनासं झालं."

"एवढं भोळं होऊन जगात कसं चालायचं?" आजीही म्हणाली. मग विषय निघालाच आहे तर आटपून टाकावा, असं तिला वाटलं असावं. तिने पेला बाजूला ठेवला. "सगळे आहात म्हणून सांगते. रस्त्याकडची खोली मी हिला दिली आहे."

त्या खोलीत काका आणि काकू झोपत होते.

"मी वरची लॅब देऊ केलीय, ती कशासाठी मग?" काका म्हणाले.

"कुठली लॅब?" काकू नवऱ्याकडे वळली. "मला न विचारता? आणि मी रोजचा स्वयंपाक अंगावर घेतला तो वेगळाच?"

"रोजचा?" आजी म्हणाली. "मी सांगितलं तेव्हा कंबर दुखत होती तुझी."

"म्हणजे दुकानाच्या वरची खोली रिकामी होती," आत्या सावकाश म्हणाली, "आणि मी भाड्याने मागितली तेव्हा त्यात माल होता."

सकाळी आत्याच्या बाजूला गेलेली काकू आता आजीवर उखडली होती, काका आत्याची नजर चुकवत होते आणि सगळे मिळून खारूच्या आईवर चिडले होते. एका बाईने प्रत्येकाकडून वेगवेगळं काढून घेतलं, हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. खारूची आई काहीतरी बोलायला गेली.

"तू थांब," आजी म्हणाली. "तू काही सांगू नकोस. तुझ्या बोलण्यातून काही कळतच नाही."

"हिला विचारा ना," आत्या म्हणाली. तिने खारूपुढचं पुस्तक बोटाने सरकवलं. "एवढी शिकलीस ना आज? मग सांग. प्रश्न पहिला, तुझ्या आईला काय हवंय?"

हे तिने टोमण्याने विचारलं होतं. पण खारूने दिवसभरात बरेच प्रश्न सोडवले होते. ती उठून उभी राहिली, शाळेत राहतात तशी.

"आईला दुसऱ्या शहरात जायचंय," ती म्हणाली. "कारण तिला तिथे काम मिळालंय. ती पहिल्या तारखेला जाणार आहे. मी पास झाले तर ती मला घेऊन जाणार आहे. नाही झाले तर ती काम सोडणार आहे, कारण ती मला ठेवून जाणार नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"आणि खोली?" आजीने विचारलं.

"खोलीबद्दल काही नाहीये."

"लॅब?"

"ते पण नाहीये, काका. ती जेवताना म्हणाली होती तेव्हा मी होते. एवढंच म्हणाली."

आजीने सुनेकडे बघितलं. गेली कित्येक वर्षं ती या चेहऱ्यामागे काय आहे ते बघत आली होती. नुसता चेहरा तिने बहुधा आजच पाहिला.

"खरंच जाणार आहेस?"

"हो, आई."

"आधी सांगायचंस तरी," आजी म्हणाली. कुणीही हसलं नाही.

सोमवारी आलेला उतारा बोटीवरच्या एका स्वयंपाक्याचा होता, आणि तो स्वयंपाकी खारूच्या मते नक्कीच काहीतरी लपवत होता. तिने ते कुठेही लिहिलं नाही. आठवड्याने शाळेतून फोन आला. या वेळी फोन खारूच्या आईनेच घेतला. "पास झाली," असं तिने सांगितलं आणि पहिल्यांदाच त्यात कुणी काही शोधलं नाही. काकूने नुसतं "बरं झालं" म्हटलं आणि पुढचे दोन दिवस ती भांडी जरा जोरात ठेवत राहिली.

निघायच्या दिवशी काकांनी खारूला चष्म्याचं एक रिकामं डबडं दिलं, बटणं ठेवायला. आत्याने फोनवरच्या आवाजात प्रवासाला शुभेच्छा दिल्या, आणि मग नेहमीच्या आवाजात "पोचलात की फोन करा" म्हणाली. सामान खाली गेलं. आजी मात्र खोलीतून बाहेर आली नव्हती. पाया पडायला दोघी आत गेल्या, तर ती कपाटात तोंड घालून काहीतरी शोधत होती.

"मला बरंच वाटतंय," ती पाठमोरीच म्हणाली. "तिथे मोठं हॉस्पिटल आहे. पोरीची शाळा चांगली आहे. घरात जरा मोकळं होईल."

"हो," खारूची आई म्हणाली. बोललेलं तेवढंच ऐकायची तिची सवय तशीच होती.

आजी वळली. तिच्या हातात तिची काळी छत्री होती, लाकडी मुठीची. ती ही छत्री कुणाला हातही लावू देत नसे.

"ही घेऊन जा."

खारूच्या आईने खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यावर कोरडं ठणठणीत ऊन पडलं होतं आणि आभाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळं होतं. "आई, पाऊस कुठे आहे?" असं ती म्हणणारच होती. तेवढ्यात तिला खारूने हात घट्ट धरल्याचं जाणवलं. खारू तिच्याकडे बघत होती. डोळे मोठे करून.

खारूच्या आईने छत्री घेतली. मूठ आजीच्या हाताने गरम झाली होती.

"सुट्टी लागली की परत आणून देते," ती म्हणाली.